आडवं गलबत

“तूच जा,” बाबा म्हणाले. “माझा तो ऐकूचो नाय.”

सुकती लागली होती, म्हणजे ओहोटी. खाडीच्या तोंडाशी वाळू उघडी पडत चालली होती आणि त्या वाळूत इसाक नाखव्याचं नवंकोरं गलबत एका कुशीवर कलून, वाट अडवून बसलं होतं. फळ्यांना चोपडलेलं तेल अजून चमकत होतं. डोलकाठीला बांधलेले आंब्याचे टाळे सुकून लोंबत होते. वर, गलबताच्या पुढच्या टोकाशी, नाखवा मांडी घालून बसला होता आणि खाली उतरायला तयार नव्हता.

किनाऱ्यावर मासेमार गाबतांची सगळी वाडी जमली होती. बायका गुडघे पोटाशी घेऊन वाळूत बसल्या होत्या. पुरुषांच्या हातात कुऱ्हाडी होत्या, पण पुढे कोणी जात नव्हतं. दक्षिणेकडचं आभाळ सकाळपासून जांभळं-काळं होत आलं होतं आणि वारा मधूनच अगदी पडायचा, मधूनच असा उठायचा की वाळू डोळ्यांत जायची. गाबतांचा म्होरक्या भागोजी तांडेल सकाळीच आमच्या दारात येऊन सांगून गेला होता की भरती चढायच्या आत गलबत तोडून वाट मोकळी केली नाही, तर बाहेर गेलेल्या होड्या आत येऊ शकणार नाहीत. बाबांनी ते ऐकून घेतलं होतं. मग ते एकटे जाऊन गलबताखाली उभे राहिले होते, मान वर करून नाखव्याशी बोलत. दुपार व्हायला आली तेव्हा परत आले आणि मला म्हणाले, तूच जा.

मी चपला काढल्या, लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि निघाले.

तिवरखोल हे बंदर होतं असं आज कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. उत्तरेला काळ्या कातळाचा डोंगर, त्यावर एक ढासळलेला बुरूज आणि बुरुजाच्या पायथ्याशी जकातीची जुनी चौकी. दक्षिणेला वाळूचा लांबलचक दांडा, जिभेसारखा खाडीत शिरलेला. या दोघांच्या मधून खाडी समुद्राला मिळायची. माझ्या आजोबांच्या वेळी त्या तोंडात इतकं पाणी असे की मंगळूरची कौलं भरून आलेली गलबतं थेट देवळाखालच्या घाटाला लागत. इथून बांबू जाई, सुकी मासळी जाई, नारळ जात. पुढे आगबोट सुरू झाली. ती बाहेर उभी राहायची आणि पडावांतून उतारू आत यायचे. बुरुजावर दिवा लावायला सरकारी माणूस होता. खारवी, गाबीत, मुसलमान नाखवे, आम्ही सुतार, सगळी वस्ती त्या पाण्याच्या तोंडावर बसलेली.

मग वरच्या अंगाला डोंगरांतलं रान तुटलं. कोळशाच्या भट्ट्या लागल्या. पावसाळ्यात नदी तांबडी होऊन यायची आणि सगळी माती खाडीत आणून टाकायची. दांडा दरवर्षी थोडा उत्तरेकडे सरकत गेला. आगबोट थांबायची बंद झाली. वरून सडक झाली, एसटी आली, आणि कौलं ट्रकमधून यायला लागली. मला कळायला लागलं तेव्हा तोंडात एकच खोल वाट उरली होती, कातळाला घसटून जाणारी. बाकी सगळीकडे लाट फुटायची.

इसाक नाखव्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या गलबतं होती. शेवटचं गलबत कुजून मोडीत गेलं तेव्हा लोकांना वाटलं, संपलं. त्याची बायको वारली होती, मुलगा कुवेतला होता आणि बापाला तिकडे बोलावत होता. पण नाखवा एक दिवस आमच्या अंगणात येऊन बसला आणि बाबांना म्हणाला की धाकू मेस्त्री, मला एक गलबत बांधून हवं. बाबा त्याचे लहानपणापासूनचे सोबती. दोघांनी मिळून कातळावरून उड्या मारल्या होत्या, दोघांनी मिळून कालवं फोडून खाल्ली होती. बाबांनी त्याला समजावलं की आता माल कोण देणार, खलाशी कुठून आणणार. नाखवा सगळं ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसायचा. शेवटी बाबा तयार झाले. खरं सांगायचं तर बाबांनाही ते हवंच होतं. किती वर्षं त्यांनी होड्यांना ठिगळं लावण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

दोन पावसाळे ते काम चाललं. साग आणला, ऐन आणला. पठाण, म्हणजे गलबताचा तळाचा कणा, अखंड एका लाकडाचा घातला. माझा धाकटा भाऊ जनू बाबांच्या हाताखाली होता. बाबा वाकसाने ऐनाचे वाक तासायचे, गलबताच्या बरगड्याच त्या, आणि जनू ते उभे करून खुंट्या ठोकायचा. मी तालुक्याला मास्तरणीचं शिक्षण घेत होते. सुट्टीत घरी आले की घराच्या आधी खालच्या माडांतून ते वाढत चाललेलं धूड दिसायचं. जनूला त्याचा फार अभिमान होता. तो मला आत नेऊन दाखवायचा, हा वाक मी बसवला, ही फळी मी वाकवली.

आणि तिकडे तोंडाची वाट अरुंद होत होती. हे सगळ्यांना दिसत होतं. नाखवा म्हणायचा, पाऊस पडला की पुराचं पाणी वाळू ओढून नेईल. पाऊस पडला आणि पुराने आणखी माती आणली.

त्रिपुरी पुनवेच्या उधाणाला गलबत पाण्यात लोटलं. सगळं गाव दोराला लागलं होतं. नाखव्याने नारळ बाबांच्या हातून वाढवून घेतला आणि स्वतः दुवा मागितली. गलबत पाण्यात उतरलं तेव्हा इतकं हलकं, इतकं देखणं वाटलं की म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांना पाणी आलं. होड्यांनी ते ओढत तोंडापर्यंत नेलं. वाटेत शिरता शिरता त्याचा तळ घासला. तेवढ्यात वारा फिरला, मागचं अंग वळलं आणि बघता बघता गलबत वाटेच्या मधोमध आडवं होऊन बसलं. पाणी उतरलं तशी वाळू त्याला धरून राहिली.

त्या दिवशी कोणी फारसं घाबरलं नाही. पुढच्या भरतीला उचलेल, असंच सगळे म्हणाले. पण पुनव सरली होती. पुढची प्रत्येक भरती आधीच्या भरतीपेक्षा कमी चढत गेली. आता अवसेपर्यंत थांबायला हवं होतं. नाखवा गलबतावरच राहायला लागला. भाकरी तिथेच, निमाज तिथेच.

गाबीत थांबू शकत नव्हते. मासळीचे दिवस होते. समुद्र शांत होता, तेव्हा भरतीच्या वेळी रिकाम्या होड्या गलबताला वळसा घालून, उथळावरून हातांनी ढकलत त्यांनी बाहेर काढल्या. शांत पाण्यात ते जमत होतं. पण समुद्र उसळला की उथळावर लाटा फुटतात आणि तिथे होडी आणणं म्हणजे मरण. मग आत यायला ती एकच खोल वाट, आणि तिच्यात हे गलबत.

मी गलबताशी पोचले तेव्हा वाळू थंड लागत होती. दोराची शिडी लोंबत होती. मी वर चढले. कललेल्या फळ्यांवर नीट उभं राहता येत नव्हतं, म्हणून मी त्याच्यापासून थोड्या अंतरावर डोलकाठीला पाठ टेकून बसले. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

“तुका धाडल्यान?” तो म्हणाला.

“होय, चाचा.”

“मेस्त्री सकाळपासून तोंड वाजवून गेलो. आता चेडवाक धाडल्यान.”

मी त्याला म्हटलं की आभाळ बघा. तो म्हणाला, बघितलं आहे, असं आभाळ दर साली येतं आणि जातं. होड्यांचं म्हणशील तर त्या दक्षिणेच्या बंदरात जातील. मी म्हटलं, वारा दक्षिणेकडूनच आहे, त्याच्या तोंडावर कशा जातील? हे त्याला माझ्याहून जास्त कळत होतं. तो फळीवरून हात फिरवत राहिला, जसा माणूस बैलाच्या पाठीवरून फिरवतो.

मग तो बोलायला लागला. त्याच्या बापाचं गलबत कालिकतला गेलं होतं तेव्हा हा लहान होता आणि परत येताना बुरुजावरचा दिवा पहिल्यांदा यालाच दिसला होता. तिवरखोलचा दिवा दूरवरून तांबूस दिसायचा. आता दिवा नाही, दिव्याचा माणूस नाही. चौकीत बकऱ्या बसतात. कुवेतहून मुलगा आला की विचारतो, अब्बा, इथे आहे काय? आणि याला एकही गोष्ट बोट करून दाखवता येत नाही.

“माका म्हायत होता, बाय,” तो म्हणाला. “हेच्यातून व्यापार होवचो नाय, ह्या माका पयल्या दिसापासून म्हायत होता. माका इतक्याच होया होता की एक गलबत हंयसून भायर पडाचा. परत नाय इला तरी चलात. पण गेला, असा लोकांनी म्हणूचा. हंय बंदर होता, असा म्हणूचा.”

त्याचं म्हणणं मला कळत होतं. किनाऱ्यावर कोणीतरी बाई मोठ्याने रडायला लागली होती आणि वाऱ्यात तो आवाज तुटक तुटक येत होता.

“अवस येवंदे,” तो म्हणाला. “अवसेक ह्या उचालतला.”

तेव्हा मी म्हटलं, “चाचा, जनू भायर आसा.”

त्याचा हात थांबला. त्याने पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं.

“कोण जनू? आमचो जनू?”

“गलबताचा काम संपला. बसान काय करतलो? भागोजीच्या होडयेवर गेलो.”

“मेस्त्री बोलूक नाय.”

“बोलूक नाय?”

“सकाळपासून हंय खाली उभो होतो. गाबतांच्या पोरांचा सांगत होतो. जनूचा एक शब्द काढूक नाय.”

त्याचा चेहरा मला आजही दिसतो. रागावलेला नव्हता. एकदम खूप म्हातारा झाला होता. तो उठला, कललेल्या फळ्यांवरून चालताना एकदा घसरला. मी हात पुढे केला तो त्याने घेतला नाही. गलबताच्या मागच्या टोकापर्यंत जाऊन त्याने एकदा खाली पाहिलं, परत आला आणि दोराची शिडी धरून खाली उतरला. वाळूत पाय लागल्यावर तो मागे न बघता चालत सुटला.

बाबा अर्ध्या वाटेवर आले होते. दोघे समोरासमोर उभे राहिले. मी मागून पोचले तेव्हा नाखवा म्हणत होता, “माका कित्याक सांगलंस नाय?”

बाबा म्हणाले, “सांगलंय असतंय तर तू माझ्या झिलासाठी उतारलो असतस.”

“मगे?”

“तांडेलाच्या झिलांसाठी कित्याक नाय?”

नाखवा दांड्याकडे वळला. बाबांनी कमरेची कुऱ्हाड काढली. ती कोणी दिली होती ते मला माहीत नाही, कारण सकाळी त्यांच्याकडे नव्हती. ते गलबताकडे चालायला लागले आणि मग किनाऱ्यावरचे पुरुष त्यांच्या मागून धावले.

गलबत बांधलेल्या माणसालाच ते कुठून तुटेल हे ठाऊक असतं. बाबा बोट दाखवत होते आणि लोक तिथे घाव घालत होते. डोलकाठी आधी पाडली. ती पडली तेव्हा किनाऱ्यापर्यंत वाळू हादरली. मग मधल्या फळ्या. बाबा स्वतः आत उतरले होते, आणि बाहेरून आम्हाला फक्त आवाज येत होता. ऐनाचं लाकूड सहज तुटत नाही. घाव घातला की लाकडातून एक कोरडा टणत्कार येतो. नाखवा दांड्यावर समुद्राकडे तोंड करून बसला होता. गलबताकडे पाठ.

भरतीचं पाणी आधी बाहेरच्या माणसांच्या घोट्याला आलं, मग गुडघ्याला. वारा आता एकसारखा सुटला होता. भागोजीने सगळ्यांना बाहेर बोलावलं, पण बाबा शेवटपर्यंत आतच होते. ते छातीभर पाण्यातून बाहेर आले आणि त्यांच्या मागे लाटेने गलबत उचललं. ते उचललं, आणि मधून दुभंगलं. पुढचा भाग वळत वळत खाडीत आत गेला आणि कातळाला जाऊन टेकला. मागचा भाग पठाणासकट तिथेच वाळूत रुतून राहिला. मधे वाट उघडली. अरुंद, पण उघडली. लोकांनी फळ्या आणि वाक जेवढे हाताला लागले तेवढे ओढून काढले. बाकीचं लाकूड पाण्यात इकडे तिकडे गेलं. ते गोळा करायला आता वेळ नव्हता, कारण कोणीतरी बुरुजावरून ओरडून सांगितलं होतं की शिडं दिसतात.

तीन होड्या होत्या.

पहिली आली ती लाटेच्या पाठीवर बसून आली आणि वाटेतून सुईत दोरा ओवावा तशी आत शिरली. आत आल्यावर तिच्यातली माणसं होडीतच आडवी झाली. दुसरी आली ती भागोजीच्या थोरल्या मुलाची. ती रुतलेल्या मागच्या भागाला घासून गेली, वल्हं तुटलं, पण आत आली. बायका पाण्यात धावल्या. भागोजी बाबांकडे आला आणि त्याने बाबांचे दोन्ही हात धरले. बाबा त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते.

तिसऱ्या होडीत जनू होता. ती निळ्या रंगाची होडी होती. तो पुढे उभा होता, हे मला कळलं, कारण त्याची उभं राहायची तऱ्हा मला ठाऊक होती. एक पाय पुढे, एक हात कमरेवर. होडी वाटेच्या तोंडाशी आली. लाटेने तिला वर घेतलं. ती आता खाली येईल आणि आत घसरेल असं आम्हा सगळ्यांना वाटलं. ती खाली आली आणि थांबली. खालून कोणी धरून ठेवावी तशी थांबली. मग पुढची लाट तिच्यावरून गेली. लाट सरली तेव्हा तिथे नुसतं पाणी होतं.

भागोजीचा मधला मुलगा पोहत कातळाला लागला. बाकीचे त्या दिवशी सापडले नाहीत. जनू दोन दिवसांनी दांड्याच्या पलीकडे, सुरूच्या झाडांच्या खाली मिळाला. कपाळाला जखम होती. आईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच्या केसांतली वाळू काढत बसली. ती काढून संपेना.

होडी वाळूवर आपटून फुटली, असं सगळे म्हणाले. मलाही तसंच वाटलं होतं. धाकू मेस्त्रीने आपलं गलबत तोडून दोन होड्या वाचवल्या, असं आजूबाजूच्या गावांत लोक सांगायला लागले. कोणी कोणी भेटायलाही यायचे. बाबा त्यांना पाणी द्यायचे आणि त्यांच्यासमोर नुसते बसायचे.

दिवस-कार्य झाल्यावर मी तालुक्याला परत जाणार होते. जायच्या आदल्या संध्याकाळी मी बाबांना हाक मारायला खाली गेले. वादळाने भरतीच्या रेषेला गलबताचं लाकूड आणून टाकलं होतं. गाबतांनी जळणासाठी त्यातलं थोडं नेलं होतं, पण वाकांना कोणी हात लावला नव्हता. बाबा एका वाकाशी उकिडवे बसून वाकसाने तो तासत होते. मला वाटलं, सवयीने हात चालतो आहे. जवळ गेले तेव्हा दिसलं की वाकाच्या टोकाशी, जिथे तो तुटून टोकदार झाला होता, तिथे निळा रंग लागला होता. घासून, दाबून बसलेला. बाबा तो तासून काढत होते. पातळ पातळ ढलप्या पडत होत्या, एका बाजूने निळ्या.

मी उभी आहे हे त्यांना कळलं. त्यांनी हात थांबवला नाही.

“नाखव्याक सांगू नको,” ते म्हणाले.

एवढंच. घरी आल्यावर त्यांनी आईलाही काही सांगितलं नाही आणि मीही नाही. तो वाक जनूनेच बसवला होता का, हे मला विचारावंसं वाटलं होतं. विचारलं नाही.

इसाक नाखव्याला कधी कळलं की नाही, मला ठाऊक नाही. त्याने कधी विषय काढला नाही. तो कुवेतला गेला नाही. मुलगा येऊन गेला, हात जोडून गेला, पण म्हातारा हलला नाही.

पुढच्या पावसाने जे व्हायचं ते झालं. वाळूत रुतलेला गलबताचा पठाण तिथेच होता. नदीची माती त्याला अडून बसायला लागली. त्याच्या आडोशाला वाळू साठली, वाळूवर वाळू चढली, आणि बाबांनी उघडलेली वाट पावसाळा संपायच्या आत बुजली. बंदर आपोआप बुजायचंच होतं, आज नाही तर उद्या, असं शहाणी माणसं म्हणाली. पण गाबीतवाडीत बायका पाण्याला जाताना आमच्या घराकडे बघत आणि लवकर मान वळवत. त्यांच्या मनात राग नव्हता. आमच्याकडे बघवत नसे. गाबतांनी एक हंगाम होड्या वाळूवरून ओढत नेऊन पाहिल्या. मग एकेक घर उठलं. कौलं उतरवून, दारं काढून ते ट्रकमध्ये घालून दुसऱ्या बंदरांना गेले. भागोजी शेवटी गेला. जाताना तो आमच्याकडे आला, ओट्यावर बसला. निघताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवून, येतंय, म्हणाला. तो परत येणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

मला नोकरी लागली ती घाटावर. वर्षातून एकदा यायची. अशाच एका सुट्टीत आई मला म्हणाली की तुझ्या बाबांना समजाव. ते रोज सुकतीला फावडं घेऊन तोंडाशी जातात.

मी गेले. वाळू लांबवर सपाट पडली होती. आता तिथून पायी पलीकडे जाता येत होतं. मधोमध दोन माणसं होती. बाबा फावड्याने खणत होते आणि नाखवा दोन्ही हातांनी वाळू ओढून बाजूला टाकत होता. दोघांच्या धोतर-लुंग्या कमरेपर्यंत भिजलेल्या. बाबांची दाढी वाढलेली, नाखव्याची आणखी पांढरी झालेली. खड्डा गुडघाभर खोल झाला की बाजूने पाणी झिरपून यायचं आणि कडा आत ढासळायच्या. ते परत काढायचे.

मी विचारलं, काय करता?

“पठाण काढतंव,” बाबा म्हणाले. “तो काढलो की पाणी वाट धरतला.”

त्यांचा आवाज अगदी साधा होता, जणू बाजारातून काही आणायचं आहे. नाखव्याने माझ्याकडे बघून मान हलवली, की होय, तसंच आहे. मी त्यांना म्हटलं नाही की एवढा अख्ख्या लाकडाचा कणा दोन म्हाताऱ्यांच्या हातांनी निघणार नाही, आणि निघाला तरी खाडीला आता तोंड राहिलेलं नाही. मी पदर खोचून खाली बसले आणि हातांनी वाळू ओढायला लागले. भरती आली तेव्हा तिघे मागे सरलो. पाणी आलं, खड्ड्यावरून गेलं. दुसऱ्या दिवशी तिथे खड्ड्याची खूणही नव्हती.

ते दोघे असे किती सुकत्या गेले, मी मोजलं नाही. आई म्हणायची, पावसाळा सोडला तर रोज. सुरुवातीला म्हणे खणताना फावड्याला लाकूड लागायचं, टक असा आवाज यायचा. मग वाळू वर वर चढत गेली तसं लागेनासं झालं.

मी त्यांना तिथे शेवटचं पाहिलं ते नाखवा गेला त्याच्या आदल्या वर्षी. मी लांबून येत होते. ते खणत नव्हते. बाबा एका जागी फावडं टेकून उभे होते आणि नाखवा त्यांच्यापासून बराच दूर, उत्तरेच्या अंगाला, काठी वाळूत रोवून. दोघांमध्ये नुसती वाळू, तिच्यावर खेकड्यांची बारीक बिळं. वाऱ्यातून नाखव्याचा आवाज आला की गलबत इथे होतं. बाबांनी मान हलवली आणि पायाखाली बोट दाखवलं. नाखव्याने बुरुजाकडे पाहिलं, मग दांड्याकडे, दोन्ही हात पसरून काहीतरी अंदाज घेतला आणि आणखी थोडा पुढे जाऊन उभा राहिला. मग पुन्हा मागे आला. दोघांनाही नक्की सांगता येत नव्हतं. त्यांनी मला येताना पाहिलं आणि बाबांनी हाक मारून विचारलं.

“अनशी, तू बघ. खंय होता ता?”

मी त्या सपाट वाळूकडे बघत राहिले. मलाही सांगता आलं नाही.